बेंडकीचा ओव्हरड्राइव्ह

सरांच्या घराला दोन फाटकं होती. एक आत यायचं, एक बाहेर जायचं. बल्लारपुरात भाड्याची खोली शोधत मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला हे कुठून माहीत असणार? मी आपली बाहेर जायच्या फाटकासमोर स्कूटर लावली आणि आत सरांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, दिलेला चहा पीत बसले. अंगणात एक गाडी सुरू झाली, थोडी गुरगुरली आणि तशीच गुरगुरत उभी राहिली. बराच वेळ झाला तरी ती जाईना, म्हणून मी बाहेर डोकावले. हिरव्या रंगाची, जेमतेम माझ्या कमरेएवढी उंच, बिनटपाची गाडी होती आणि तिच्यात माकडटोपी आणि पोहण्याचा चष्मा घातलेले एक गृहस्थ बसले होते.

"हे स्कूटर तुयी काय?"

"हो. पण मागचं फाटक उघडं आहे की. तिकडून काढा ना."

"तिकून काढाले रिव्हर्स घ्या लागते. मी रिव्हर्स घेत नाई."

मला वाटलं, मान आखडली असेल बिचाऱ्यांची. मी मुकाट्यानं स्कूटर हलवली. गाडी माझ्याजवळून जाताना ते म्हणाले, "खोली तुले दिली." खोली मी अजून पाहिलीसुद्धा नव्हती.

मान आखडलेली नव्हती, हे यथावकाश कळलं. सर ज्युनियर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी असे. "चुकलं तं चुकलं. खालच्या ओळीत बरोबर कर. मागं जाऊन खोडाचं नाई." हा नियम त्यांनी पोरांवर लादला ते एक वेळ ठीक, पण तो त्यांनी गाडीलाही लावला होता. बाजारात गाडी अशा जागी उभी करत की निघताना सरळ निघता यावं. तशी जागा मिळाली नाही तर भाजी न घेता घरी येत. एकदा गल्लीत समोरून रेतीचा ट्रॅक्टर आला, तर हे इंजिन बंद करून पेपर वाचत बसले. शेवटी ट्रॅक्टरवाला मागे गेला. बाई सांगत, सरांना लग्नाआधी पाहायला गेलेले लोकही असेच कंटाळून मागे फिरले होते.

गाडी विलायती. दोनच सीटा, चार गिअर. एका कोळसा खाणीच्या जुन्या साहेबाच्या बंगल्यामागे ती कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती, तिथून सरांनी तरुणपणी ती सोडवून आणली. पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले आणि पोट जमिनीला टेकलेलं, म्हणून अख्खं गाव तिला बेंडकी म्हणे. कागद गिरणीच्या वासात आणि कोळशाच्या धुळीत ती हिरवी बेंडकी चालली की चहाच्या टपरीवरचे लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे थांबत. सर एका हाताने सगळ्यांना जय भीम करत पुढे जात. शेजारी बाई. त्यांचा पदर उडू नये म्हणून सर त्याला कपडे वाळवायचे चिमटे लावत, दोन खांद्यावर आणि एक कमरेशी. बाईंना त्याची जराही लाज वाटत नसे.

बाई शाळेत मराठी शिकवत. त्यांचा आवाज मी आले तेव्हा जवळजवळ गेलेला होता, त्यामुळे त्याची कीर्ती मी इतरांकडूनच ऐकली. मैदानावर प्रार्थना सांगायला त्यांना माइक लागत नसे. पौर्णिमेला विहारात वंदना त्या सुरू करत आणि त्यांचा पहिला सूर लागला की रस्त्यावरून जाणारे पाय आपोआप थांबत, असं मला विहारातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसत सांगितलं होतं. मग कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरू लागला, मागाहून आवाज बसत गेला. मी राहायला आले तेव्हा त्यांच्या तोंडाशी कान नेला तर कळे. लोक आपले न ऐकताच मान डोलवत आणि "हो, हो" म्हणत. बाईंना ते बरोबर कळे, आणि मग त्या गप्प होत. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

रविवारी सकाळी दोघं पोंभुर्ण्याच्या रस्त्यानं फिरायला जात. लग्न झाल्यापासूनची ही रीत. घर कायम भरलेलं, शिकवणीची पोरं, आरमोरीहून बाईंच्या माहेरचे, त्यांच्या धानाची पोती. सर एकदा मला म्हणाले, "घरात आमी का बोलतो? मीठ आण, गॅस बंद कर. खरी गोठ गाडीतच." मुलीचं लग्न गाडीत ठरलं, घराची जागा गाडीत ठरली. पोंभुर्ण्यापर्यंत भांडण आणि परत येताना समझोता, असा त्यांच्या संसाराचा सगळा कारभार त्या दोन सीटांवर चालला होता.

आणि नेमक्या त्याच जागी आता सरांना बाईंचं ऐकू येईना. गाडीनं जरा वेग धरला की इंजिन किंचाळायचं, कारण चौथ्याच्या वर गिअरच नाही. पूर्वी बाईंचा आवाज इंजिनाच्या वर जायचा, तो आता खाली गेला. हळू चालवावी तर मागून कोळशाचे ट्रक भोंगा वाजवत अंगावर येत. नागपूरच्या मुलीनं एसीची नवी गाडी पाठवून पाहिली. बाई तिच्यात एकदाच बसून आल्या. कसं वाटलं म्हणून मी कान पुढे नेला, तर म्हणाल्या, "बरणीतल्या लोणच्यासारखं वाटते. त्यात बोलावंच नाई वाटत."

त्यानंतर काही आठवड्यांनी स्टेशनवरच्या आमच्या पार्सल ऑफिसात सरांच्या नावानं एक लाकडी खोकं आलं. मी तिथेच नोकरीला. दोन हमालांनी ते उचललं आणि एकानं विचारलं, "मॅडम, तोफ हाय का यात?" सर धावत आले, खोक्याचं झाकण तिथेच उचकटलं आणि आत हात घालून, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला.

"हा ओव्हरड्राइव्ह हाय," ते म्हणाले. "गिअरबॉक्सच्या मागं बसते. स्विच दाबला का गाडी तेवढीच पळते, पण इंजिन कमी फिरते. आवाज खाली येते."

"म्हणजे पाचवा गिअर."

"पाचवा नाई. चौथ्याचाच शहाणा भाऊ."

मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, या वयात? सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खोक्यातला भुसा झटकत म्हणाले, "तिचा आवाज चाल्ला. डॉक्टर म्हणते, आणखी जाईन. मले त्याच्याआधी ऐकाचं हाय." मग हमालांना ओरडले की तिरपं धरू नका. 

नागपुरातल्या गॅरेजवाल्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. सरांना पुढचं वर्ष परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच हात घातला. आयुष्यभर त्यांनी खडूशिवाय काही हातात धरलं नव्हतं. जोडीला गावातले एक लेथवाले भाऊ होते, ज्यांनी गिरणीची यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता, पण अशी गाडी कधी खोलली नव्हती. दोघांनी मिळून जे करायचं ते केलं. या गाडीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही, तो आतून, बसायच्या जागेतून काढावा लागतो. त्यामुळे दोन्ही सीटा निघून दिवाणखान्यात आल्या. बाई सोफा सोडून आपल्या त्या डावीकडच्या सीटवर जमिनीलगत बसू लागल्या. पाहुणे आले की त्यांना कळत नसे कोणी कुठे बसायचं.

घरभर गिअर ऑइलचा वास सुटला. नवा जोड लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागला. तो पहिल्यांदा जरा जास्तच आखूड झाला, तर सरांनी त्याचा अंगणात कपडे वाळवायचा खांब केला. तेल गळे, पुन्हा खोलत. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, बसवलेलं खोलणं म्हणजे मागे जाणंच झालं की." ते गाडीखालून म्हणाले, "हा पुढचा प्रयत्न हाय." एका दिवाळीनंतर सुरू झालेलं काम मोहफुलं पडून गेली, पाऊस येऊन गेला, तरी चालूच होतं. शेजारी हसत. मीही हसत असे, पण बाईंच्या खोलीतून काही हाक आली का म्हणून सर काम थांबवून कान देत बसलेले दिसले की हसू आपोआप मावळे.

रोज संध्याकाळी सर गाडीचं जाडजूड पुस्तक घेऊन बाईंसमोर बसत आणि इंग्रजीतलं मराठीत करून मोठ्यानं वाचत. बाई डोळे मिटून ऐकत. झोपल्या असाव्यात असंच मला वाटे. एका संध्याकाळी मी भाजी द्यायला दारात उभी होते तेव्हा सरांनी ठळक अक्षरातली सूचना वाचली. ओव्हरड्राइव्ह चालू असताना गाडी चुकूनही मागे घेऊ नये, आतलं सगळं फुटतं. म्हणून गिअरबॉक्सवर आणखी एक छोटा स्विच बसवावा, म्हणजे रिव्हर्स टाकताच ओव्हरड्राइव्ह आपोआप बंद होतो.

"हा स्विच आपल्याले नाई लागत," सर म्हणाले. "जे रिव्हर्स घेतात, त्यांच्यासाठी हाय."

बाई काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, एवढंच मला दिसलं. सर म्हणाले, "हो, हो," आणि पान उलटलं.

ज्यांनी हा सगळा पसारा बाईंचं बोलणं ऐकण्यासाठी मांडला होता, त्यांनीच! मला तेव्हा खटकलं, पण तो त्यांचा दोघांचा मामला होता; मी मेथीची जुडी ठेवली आणि निघाले.

दुसरी दिवाळी झाली आणि थंडीतल्या एका रविवारी बेंडकी तयार झाली. सीटा परत आत गेल्या. बाईंच्या पदराला चिमटे लागले. सर मला म्हणाले, "तू स्कूटर घेऊन मागून ये. काई गळलं तं सांगजो." सर बाहेरच्या फाटकानं निघाले, मी त्यांच्या मागे.

गाव संपलं, सागवान सुरू झालं. बेंडकीचा आवाज चढत चढत नेहमीसारखा किंचाळू लागला. मग सरांचा हात पुढे गेला, आणि आवाज एकदम खाली आला. वेग तोच, पण गाडी जणू घसा खाकरून शांत झाली. मी मागून ओरडलेच, "झालं! सर, झालं!" बाईंचा चेहरा सरांकडे वळलेला दिसला. त्या काही बोलणार, इतक्यात पुढे लोक थांबलेले दिसले.

वाघ रस्त्यात बसला होता. आमच्याकडे हे रेल्वे फाटक बंद असल्यासारखंच. दहा-बारा दुचाकी उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे एक वनरक्षक हातानेच सगळ्यांना इंजिनं बंद करायला सांगत होता. सरांनीही बंद केलं. मी त्यांच्या डाव्या अंगाला येऊन थांबले. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दूध घेऊन निघालेला माणूस, बाजारला निघालेल्या बाया, वनरक्षक, सगळे कुजबुजत होते. त्या रस्त्यावर त्या वेळी सगळ्यांचाच आवाज बाईंएवढा झाला होता.

मग वाघ उठला आणि आमच्याच दिशेनं, घाई नसल्यासारखा चालू लागला. वनरक्षकानं हात हलवला, मागे व्हा. दुचाकीवाल्यांनी तोंडं फिरवली आणि निघाले. मीही स्कूटर वळवली, पण पाय निघेना, कारण बेंडकी जागची हलली नव्हती. तिथे रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना खोल नाली. गाडी वळवणं शक्यच नव्हतं. वनरक्षक मागे सरकत सरकत गाडीपाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, गाडी सोडा अन् चाला."

सरांनी बाईंच्या पायांकडे पाहिलं. त्या पायांना अंगणातलं फाटकसुद्धा लांब होतं.

सरांनी इंजिन सुरू केलं. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि तो डावीकडे दाबून खाली ओढू लागले. इतक्या वर्षांत तो हात त्या दिशेला कधी गेला नव्हता. वाघाकडे पाहावं की सरांकडे तेच मला कळेना. तेवढ्यात बाईंचा थरथरता हात सरांच्या हातावर पडला.

"आधी स्विच," बाई म्हणाल्या.

मला ऐकू आलं. सरांनाही आलं. या वेळी ते "हो, हो" म्हणाले नाहीत. त्यांनी बाईंकडे पाहिलं, स्विचकडे पाहिलं, तो चालूच होता. त्यांनी तो बंद केला. मग बेंडकी मागे निघाली, नुकतं उभं राहायला शिकलेल्या वासरासारखी, एकदा या नालीकडे, एकदा त्या नालीकडे. वनरक्षक हातवारे करत होता, मी "उजवीकडे, सर, उजवीकडे" म्हणत स्कूटर ढकलत होते. पुलाजवळ रस्ता रुंद झाला तिथे गाडी थांबली. वाघानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तो बांबूत शिरला. पुलापाशी थांबलेला दूधवाला म्हणाला, "सरनं रिव्हर्स घेतला बाप्पा!" लोकांना वाघापेक्षा त्याचंच नवल.

सरांनी पोहण्याचा चष्मा काढला. आत पाणी होतं, घामाचं म्हणा हवं तर.

"तुले कसं ध्यानात राह्यलं?" त्यांनी बाईंना विचारलं.

"तुमी वाचलं तवाच म्हटलं होतं मी. कधी ना कधी मागं घ्या लागन, स्विच बसवून घ्या म्हणून. तुमी हो हो म्हणून राह्यलते."

 गणितात पोरगं बरोबर उत्तर घेऊन उभं राहावं आणि मास्तरला आपलीच चूक फळ्यावर दिसावी, तसा सरांचा चेहरा झाला. मग हळूच म्हणाले, "आणखी काय काय म्हटलं होतं? जे मले ऐकू नाई आलं?"

"गाडी चालू करा," बाई म्हणाल्या. "सांगते."

परतीच्या रस्त्यावर मी मागून पाहत होते. वेग धरताच गाडीचा आवाज खाली आला, आणि घर येईपर्यंत बाई बोलत होत्या. त्यांचं तोंड सरांच्या खांद्याशी होतं आणि सरांची माकडटोपी वर-खाली, वर-खाली हलत होती. अंगणात उतरल्यावर मी उत्सुकतेनं विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"रस्ताभर झापलं मले," सर म्हणाले. "लग्नापासूनचं सारं काढलं." एवढा आनंदी चेहरा मी त्यांचा त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात लेथवाले भाऊ आले आणि तो छोटा स्विच गिअरबॉक्सवर बसला. मुख्य स्विच मात्र सरांनी आपल्या बाजूनं काढला आणि बाईंच्या डाव्या हाताला, जो हात बरा होता त्याला पुरेल असा लावून घेतला. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिलेच बोलाचं असते. कवा बोलाचं ते तिनंच ठरवावं." तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा दोघं रविवारच नव्हे, मधल्या वारीही जात. बाईंनी काय काय सांगितलं, मला ठाऊक नाही. आरमोरीच्या लहानपणाबद्दल पुष्कळ बोलते, एवढं सर एकदा म्हणाले होते.

त्यानंतर माझी बदली भुसावळला झाली. परवा रजा काढून मुद्दाम बल्लारपूरला गेले, स्कूटर नव्हती तरी सवयीनं बाहेरच्या फाटकापासून लांब उभी राहिले. बाईंचा आवाज आता पूर्ण गेला आहे. त्यांनी माझा हात धरला आणि हसल्या.  सर त्यांच्या पदराला चिमटे लावत होते, म्हणाले, "रविवार हाय ना आज."

मी विचारलं, आता गाडीत काय करता?

"स्विच तीच दाबते. दाबला का मी बोलाचं. इतकी वर्सं ते बोले, आता मले बोला लागते. अन् माही बडबड जास्त झाली का बंद करून टाकते."

बाईंनी मान डोलावून दुजोरा दिला.

बेंडकी बाहेरच्या फाटकानं निघाली. मी रस्त्यावर उभी राहून ऐकत होते. गावाबाहेर तिचा आवाज चढत गेला, किंचाळू लागला, आणि मग एकदम खाली आला. म्हणजे बाईंनी स्विच दाबला होता. आता आवाज पुन्हा कधी चढतो याची मी वाट पाहत राहिले. ऐकू येईनासा होईपर्यंत तो काही चढला नाही. त्या दिवशी सर काहीतरी ऐकण्यासारखं बोलत असावेत.